परलोकात आपली माणसे आठवतात काय?



परलोकाचा विषय, आणि तोही ख्रिस्ती परलोकाचा, लोअर परळच्या श्रोत्यांपुढे कशासाठी मांडायचा, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. तिचे उत्तर आधी देतो. ही वस्ती मुळात घर सोडून आलेल्या माणसांची आहे. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, नगरहून माणूस गिरणीत आला, चाळीच्या एका खोलीत दहाजणांबरोबर राहिला, आणि पगाराच्या दिवशी मनीऑर्डरीचा फॉर्म भरताना त्याला गावातली आई आठवली. गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. पण दूर गेलेल्या माणसाला मागे राहिलेले घर आठवते काय, हा प्रश्न येथे अजूनही कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आज मी घेणार आहे तो प्रश्न हाच आहे. फक्त त्यातला प्रवास अधिक लांबचा आहे, आणि तेथून मनीऑर्डर येत नाही.

शिवाय ख्रिस्ती धर्म या भागाला परका नाही. परळला हाफकिन संस्थेची जी जुनी वास्तू आहे, तेथे पूर्वी जेझुइट पाद्र्यांचे ठाणे होते. अठराव्या शतकाच्या आरंभी ते इंग्रजांनी घेतले, पुढे तेथे गव्हर्नर राहिले, आणि १८९९ मध्ये तेथे प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा आली. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ इतके जुने आहे. त्याची आजची इमारत मात्र १९७० च्या दशकातली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६० च्या दशकात सुरू झाली. दरवर्षी २ नोव्हेंबरला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या सर्व मृतांच्या स्मरणदिनी, तेथे थडगी धुतली जातात, त्यांवर फुले ठेवली जातात आणि मेणबत्त्या लावल्या जातात. तेव्हा हा आपल्या शेजारघरचाच प्रश्न आहे असे समजून आपण त्याकडे पाहू.

प्रश्न साधा दिसतो. मरून देवाघरी गेलेल्या माणसाला मागे राहिलेली बायको, पोरे, भावंडे आठवतात काय? पण जरा विचार केला की त्यातला पेच ध्यानात येतो. आठवत असतील, तर त्यांची दुःखे पाहून त्याला स्वर्गात सुख कसे लागावे? आणि आठवत नसतील, तर स्वर्गात पोचलेला तो माणूस आपला तोच माणूस आहे असे कशावरून म्हणायचे? ज्याला आपली आई ओळखता येत नाही त्याला मुक्ती मिळाली असे म्हणावे, की त्याचे सर्वस्व गेले असे म्हणावे?

आपल्याकडे हा पेच या स्वरूपात फारसा उभा राहिला नाही, याचे कारण आपण स्मरणाचे ओझे मुख्यतः जिवंतांवर टाकले. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांना पान वाढायचे ते आपण. पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे घेऊन पिंड द्यायचे; वर्षश्राद्धाच्या सुमारास सपिंडीकरण झाले की नवा मृत पितरांत मिळतो आणि सर्वांत वरचा पूर्वज पिंडांच्या ओळीतून बाहेर पडतो. शास्त्राने आठवणीलाही अशी मुदत घालून दिली आहे. आणि पुनर्जन्म मानला, तर गेलेल्याने मागचे विसरावे हेच स्वाभाविक. पूर्वजन्म आठवणारा जातिस्मर हा आपल्या कथांत अपवाद म्हणूनच येतो. ख्रिस्ती मत याहून निराळे. तेथे माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, आणि पुनरुत्थानानंतर तोच माणूस, आपल्या नावानिशी, अनंतकाळ राहतो. म्हणूनच त्याच्या आठवणींचे काय, हा प्रश्न तेथे टाळता येत नाही.

आता बायबलात या प्रश्नाचे उत्तर सरळ मिळते काय? मिळत नाही. त्यात दोन सूर आहेत. यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात, देव नवे आकाश आणि नवी पृथ्वी निर्माण करील तेव्हा पूर्वीच्या गोष्टी कोणाच्या मनात येणार नाहीत, असा आशय आहे. हा विसराचा सूर झाला. उलट लूकच्या शुभवर्तमानात येशूने श्रीमंत मनुष्य आणि दारिद्री लाजर यांचा दृष्टान्त सांगितला आहे. श्रीमंत मरून यातनेत पडतो. आणि तेथे त्याला आपले घरी राहिलेले पाच भाऊ आठवतात. त्यांना कोणीतरी जाऊन सावध करावे, म्हणून तो अब्राहामाची विनवणी करतो. ध्यानात घ्या, पृथ्वीवर असताना दाराशी पडलेला भिकारी ज्याला दिसला नाही, त्याला मेल्यावर भाऊ आठवतात! येथे मरणाने स्मरण पुसले नाही, उलट जागे केले.

तिसरे एक स्थळ याहून महत्त्वाचे आहे. पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी पंथाच्या लोकांनी येशूला एक खोचक प्रश्न घातला. मोशेच्या नियमाप्रमाणे भाऊ निपुत्रिक वारला तर त्याच्या विधवेशी दुसऱ्या भावाने लग्न करायचे. अशा रीतीने एक बाई एकामागून एक सात भावांची बायको झाली आणि शेवटी तीही मेली. तर परलोकात ती कोणाची? येशूच्या उत्तराचा आशय असा की तेथे लग्ने होत नाहीत. पण अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव हा जिवंतांचा देव आहे. या उत्तराचा पहिलाच भाग लोकांच्या लक्षात राहतो आणि तेथे नाती संपतात असे त्यांना वाटते. पण दुसऱ्या भागात बाप, लेक आणि नातू यांची नावे ओळीने घेतली आहेत, हे विसरता कामा नये. लग्नाचा व्यवहार तेथे नसला, तरी कोण कोणाचा ही ओळख देवाजवळ कायम आहे.

या दोन सुरांचा मेळ घालण्याचे काम पुढे उत्तर आफ्रिकेतल्या दोन बिशपांनी केले. पहिला कार्थेजचा सिप्रियन. इसवी सनाच्या २५० नंतरच्या वर्षांत रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली होती आणि घरोघरी माणसे मरत होती. त्या वेळी सिप्रियनने आपल्या लोकांना धीर देण्यासाठी मरणावर एक निबंध लिहिला. परलोकात आपले आईबाप, भाऊ, मुले यांचा मोठा जमाव आपली वाट पाहत आहे. त्यांना स्वतःची काळजी उरली नाही, पण आपली काळजी अजून आहे, असे त्याने त्यात सांगितले. म्हणजे साथीने ज्यांची माणसे हिरावली, त्यांना दिलेले आश्वासन हे की तुम्हांला ते विसरलेले नाहीत.

हे वाचताना आपल्या शहराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घरातून उचलून नेलेली माणसे प्लेगच्या इस्पितळात आप्तांवाचून मेली. गिरगाव, माझगाव, वांद्रे येथील गल्लीबोळांत जे दगडी क्रूस आजही दिसतात, त्यांतले कित्येक त्या साथीच्या काळात उभारलेले आहेत. जाणारेयेणारे त्यांना हार घालतात, मेणबत्ती लावतात. सोळाशे वर्षांचे अंतर मध्ये असूनही कार्थेजच्या आणि मुंबईच्या माणसांना मरणाच्या गर्दीत एकच गोष्ट हवी होती: गेलेल्याशी धागा राहावा.

दुसरा बिशप संत ऑगस्टीन. त्याची आई मोनिका ३८७ मध्ये, घरापासून दूर, इटलीतल्या ऑस्टिया बंदरात वारली. देह कोठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मुलांना सांगितले. ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात तिची आणि वडिलांची नावे लिहून ठेवली आणि वाचकांनीही त्यांना प्रार्थनेत आठवावे अशी विनंती केली. याच ऑगस्टीनने पुढे ‘देवाचे नगर’ या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटी स्वर्गातल्या स्मरणाचा प्रश्न घेतला आहे. त्याचे म्हणणे असे: दुःखाचे ज्ञान दोन प्रकारचे असते. वैद्याला रोग माहीत असतो तो अभ्यासाने. रोग्याला माहीत असतो तो भोगाने. स्वर्गातल्या माणसाला मागचे सारे पहिल्या रीतीने ठाऊक असेल, दुसऱ्या रीतीने नाही. मागचे सगळे पुसले गेले, तर आपली सुटका कशातून झाली हेच त्याला कळणार नाही. मग देवाचे आभार तरी तो कशाबद्दल मानील? थोडक्यात, आठवण राहते, तिचा सल राहत नाही.

इटालियन कवी दान्ते याने १३२१ मध्ये मरण्यापूर्वी जे महाकाव्य पुरे केले, त्यात हाच विचार दोन नद्यांच्या रूपाने येतो. ग्रीकांच्या कथेत मृतांनी लीथी नदीचे पाणी प्यायले की ते सर्व विसरत. दान्तेने ती नदी आत्म्याच्या शुद्धीच्या डोंगरमाथ्यावर आणली, पण तिच्याशेजारी युनोई नावाची दुसरी नदी वाहती केली. पहिलीच्या पाण्याने केलेल्या पापाची आठवण धुतली जाते. दुसरीच्या पाण्याने केलेल्या आणि मिळालेल्या चांगल्याची आठवण परत येते. ही दुसरी नदी दान्तेने स्वतः कल्पिली. नुसत्या विसरावर त्याचे समाधान झाले नाही, हेच यातून दिसते.

येथवर आपण दूरच्या देशांत हिंडलो. आता आपल्या मुलखाकडे वळू. कारण माझ्या मते या प्रश्नाची खरी धार महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती झालेल्या घरांत दिसते.

आज ‘घटस्फोट’ म्हटले की कोर्टातली नवराबायकोची फारकत आपल्या डोळ्यांपुढे येते. पण जुन्या धर्मशास्त्रात हा शब्द एका निराळ्या विधीचा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो विधी दिला आहे. पतित झालेल्या माणसाच्या सपिंडांनी आणि बांधवांनी अशुभ दिवशी, सायंकाळी, गावाबाहेर त्याच्या नावाने उदकदान करावे. दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडावा. आणि आप्तांनी एक अहोरात्र सुतक पाळावे. मग त्याच्याशी बोलणे नाही, बसणे-उठणे नाही, वारसाहक्क नाही. माणूस जिवंत आहे, कदाचित पलीकडच्या आळीत राहत आहे. पण घराने त्याचे मरण साजरे केले आहे. मेलेल्याचे निदान श्राद्ध होते; याचे तेही नाही. आणि आईबाप वारले तर त्यांना पाणी देण्याचा अधिकार त्यालाही नाही. स्मरणाचा धागा दोन्ही टोकांनी कापला गेला.

हे केवळ पोथीतले बोलणे नव्हते. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री हे तरुण ब्राह्मण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला होता. त्याला न्यायालयाने बापाच्या स्वाधीन केले. पण बापाच्या घरी परतलेल्या त्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईतला ब्राह्मणवर्ग दुभंगला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे ही बाजू उचलली आणि त्याबद्दल त्यांना पुष्कळ सोसावे लागले. एकाच आईचे दोन मुलगे: एक गेला म्हणून मेला, दुसरा परत आला तरी जिवंत ठरेना.

इंग्रज सरकारने १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क राखला. १८६६ मध्ये दुसरा कायदा झाला: धर्म बदलल्यामुळे जोडीदाराने टाकले, तर ख्रिस्ती झालेल्याला विवाह मोडून मागता यावा. त्यात एक तरतूद अशी होती की जोडीदाराने नकार दिला तरी न्यायाधीशाने प्रकरण एक वर्ष तहकूब ठेवावे. वर्षभरात मन वळेल, जुनी माया आठवेल, असा कायद्यालाही भरवसा वाटला असावा. काही घरांत ती आठवली. पुष्कळ घरांत आठवली नाही.

आठवली त्यांतले सर्वांत प्रसिद्ध घर टिळकांचे. कवी नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. नवरा जिवंत, आणि तरी त्याच्या घरचे पाणी चालत नाही, अशी ती स्थिती. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, आणि नंतर स्वतः विचार करून १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचा संबंध अमेरिकन मराठी मिशनशी होता. हे प्रॉटेस्टंट मिशन. आणि सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेपासून प्रॉटेस्टंटांनी मृतांसाठी प्रार्थना करण्याची चाल सोडून दिली होती. दादरच्या कॅथलिक घरात बाप वारला तर त्याच्या नावाने मिस्सा सांगता येते, नोव्हेंबरात मेणबत्ती लावता येते. नगरच्या प्रॉटेस्टंट घराला श्राद्धही गेले आणि मिस्साही नाही. उरली फक्त आशा, की पलीकडे पुन्हा भेट होईल. योगायोग असा की त्याच काळात अमेरिकेतही या आशेला मोठा जोर आला होता. तेथील यादवी युद्धात घरोघरचे तरुण मेल्यावर, १८६८ मध्ये एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स या लेखिकेची ‘द गेट्स अजार’ ही कादंबरी निघाली. युद्धात भाऊ गमावलेल्या बहिणीला स्वर्ग म्हणजे आपल्या घरासारखे घर, तेथे आपली माणसे आपल्याला ओळखतील, असे तीत सांगितले आहे. पुस्तक हातोहात खपले.

पण, श्रोतेहो, अमेरिकेतल्या बहिणीपुढे जी अडचण नव्हती ती आपल्याकडच्या माणसापुढे होती. तिचा भाऊ ख्रिस्ती होता. येथे ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याची आई तुळशीला पाणी घालता घालता वारलेली, आजी पंढरीची वाट चाललेली. ख्रिस्ताबाहेर तारण नाही हे मत त्या काळी कडकपणे शिकवले जाई. मग स्वर्गात गेल्यावर ती आई आठवणार की नाही? आठवली आणि ती तेथे नसली, तर तो स्वर्ग कसला? आणि सुख बिघडू नये म्हणून देवाने ती आठवणच काढून घेतली, तर जातीने घडा लवंडून जे केले तेच देवानेही केले असे होईल. मग स्वर्ग म्हणजे दुसरा घटस्फोटच झाला!

हा सवाल आपल्याच मुलखात उठला असे नाही. आठव्या शतकाच्या सुमाराची एक दंतकथा अशी आहे की फ्रिसिया देशाचा राजा राडबोड बाप्तिस्म्याच्या पाण्यात पाय टाकताना थबकला आणि माझे पूर्वज कोठे आहेत, असे त्याने विचारले. ते नरकात आहेत असे कळताच त्याने पाय मागे घेतला. परक्यांबरोबर स्वर्गात राहण्यापेक्षा आपल्यांबरोबर राहीन, असा त्याचा भाव. ती दंतकथा, पण फ्रान्सिस झेवियरचे पत्र हा इतिहास आहे. ज्याचा देह गोव्यात आहे तोच हा झेवियर. १५४९ ते १५५१ तो जपानात होता. तेथील नवख्रिस्ती लोक आपल्या पूर्वजांसाठी काही दानधर्म, काही प्रार्थना चालेल काय, असे विचारीत. नाही म्हटले की रडत. हे त्याने १५५२ च्या पत्रात लिहिले आहे, आणि त्यांचे अश्रू पाहून आपल्यालाही दुःख झाले हेही लपवलेले नाही. तो आपल्या मतावरून हलला नाही. पण ते अश्रू कागदावर आले, आणि प्रश्न मिटला नाही.

कॅथलिक चर्चने त्याला अधिकृत उत्तर दिले ते चारशे वर्षांनी. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयीचा जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात असे मान्य केले की स्वतःचा दोष नसता ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सरळ मनाने देवाचा शोध घेतात व सदसद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल मुंबईत आले आणि ओव्हल मैदानावर लाखो लोक जमले. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्या देवळात दिवा लावीत वारल्या, अशी कितीतरी ख्रिस्ती माणसे त्या गर्दीत असतील. त्यांच्यासाठी एक बंद दार किलकिले झाले होते.

टिळक मात्र असल्या जाहीरनाम्यासाठी थांबले नव्हते. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन सोडले नाही. ज्या वाणीत आईने त्यांना वाढवले त्याच वाणीत त्यांनी नव्या देवाची भक्ती केली. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह पुरला नाही, दहन केला. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य आरंभिले होते. त्याची दहा-अकरा प्रकरणेच होऊ शकली. पुढची साठाहून अधिक प्रकरणे लक्ष्मीबाईंनी लिहिली. आणि ही बाई पतीच्या घरी आल्यावर लिहायला शिकलेली, शाळेत कधी न गेलेली. गेलेल्या माणसाचे स्मरण कसे करावे, याचे याहून मोठे उदाहरण मला तरी माहीत नाही: त्याचे अर्धे राहिलेले काम हातात घ्यावे.

आणि ‘स्मृतिचित्रे’? १९३४ पासून तिचे भाग निघाले. एक ख्रिस्ती वृद्धा आपल्या ब्राह्मण माहेराविषयी, वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याविषयी, सासरच्या जाचाविषयी, नवऱ्याच्या विक्षिप्तपणाविषयी लिहीत आहे. आणि कोठेही कडवटपणा नाही. सारे आठवते आहे, पण डंख गेला आहे. ऑगस्टीनने वैद्य आणि रोगी यांचा जो फरक सांगितला, तो या पुस्तकात पानोपानी दिसतो. स्वर्गातले स्मरण कसे असेल हे मी सांगू शकत नाही. पण ते जर असेल, तर बहुधा ते लक्ष्मीबाईंच्या आठवणींसारखे असेल असे म्हणायला हरकत नाही.

तात्पर्य, आजच्या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेचे उत्तर काय, असे विचाराल तर ते एवढे आहे: आठवण राहते, सल जातो, आणि बाहेर राहिलेल्यांविषयीचा निकाल देवाच्या दयेवर सोडायचा, पूर्वीपेक्षा अधिक आशेने. हे उत्तर पटो वा न पटो; पण ज्यांना त्यांच्या समाजाने विसराची शिक्षा दिली होती, त्यांना विसराच्या स्वर्गाने समाधान मिळणे शक्य नव्हते, हे आपल्या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

जाता जाता एकच गोष्ट. ज्या मनुस्मृतीत घडा लवंडण्याचा विधी आहे, त्याच अध्यायात थोडे पुढे परत येणाऱ्याचाही विधी आहे. प्रायश्चित्त झाल्यावर आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला एक नवा घडा त्या पाण्यात सोडावा. आजही धर्म बदलला म्हणून, जातीबाहेर लग्न केले म्हणून, जिवंत लेकाचे किंवा लेकीचे नाव ज्यांत उच्चारले जात नाही अशी घरे या शहरात आहेत. परलोकात कोण कोणाला आठवील याचा निकाल आपल्या हाती नाही. नवा घडा भरणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्याला मरणापर्यंत थांबण्याचे कारण नाही.